बांगड्यांसाठी पाव फेरा

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

तक्रार नोंदवून ठेवतो. ग्राहक मंचात नाही, तर निदान या वहीत.

कपडे धुण्याचं नवं यंत्र, वय अडीच महिने. धुणं संपलं की यंत्र शिट्टी देईल, अशी माहितीपुस्तिकेच्या अकराव्या पानावर स्पष्ट प्रतिज्ञा आहे. आज सलग चौथा प्रतिज्ञाभंग! कपडे आत बसून राहतात, मी बाहेर बसून राहतो, दोघेही एकमेकांची वाट बघतो. संध्याकाळी झाकण उघडलं की ओल्या पोत्याचा वास. असाच एक सदरा घालून आज नगरपरिषदेच्या पत्रकार परिषदेला गेलो. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

दुकानातून इमरान नावाचा माणूस आला. यंत्र चालवून पाहिलं, म्हणाला, बजी ना सर. मी विचारलं, कुठे? तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग यंत्राकडे. म्हणाला, अभी तो बजी. विकणाऱ्याला आपलं यंत्र नेहमी वाजतानाच ऐकू येतं. त्याच्या कागदावर सही दिली नाही.

१३ सप्टेंबर

बातमी लागली. पान तीन, दोन स्तंभ. 'पुसद परिसरातून रातकिडे हद्दपार?' प्रश्नचिन्ह संपादकांचं, बाकी सगळं माझं. फवारणी, रस्त्यावरचे पांढरे दिवे, बुजलेले नाले – कारणं तीन दिली. 'जाणकारांच्या मते' असंही लिहिलं. जाणकार म्हणजे मीच. यंदा अंगणात संध्याकाळी बसलं की एवढी शांतता असते की ती ऐकायलाही कुणीतरी सोबत हवं होतं, असं वाटतं. हे शेवटचं वाक्य बातमीत घातलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

डिस्क आली!

आणि नेमकी आज. अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची तिथी. कुरियरवाल्याला काय माहीत – त्याला सही हवी होती, मी हात धुऊन दिली. उज्ज्वलेचं पान वाढून झालं होतं. कारल्याची भाजी वाढली नाही. श्राद्धाला लागते, पण ती खात नसे. शास्त्राशी माझं बोलणं होईल कधीतरी.

वहीला सगळं सांगायला हवं. ही वही गेल्या वर्षी सुरू केलेली आणि कॅसेट १९९६ ची.

तेव्हा मी पीएच.डी. करणार होतो. विवाहसंस्कारातले पाठवणीचे मंत्र आणि बंजारा ढावलो, असा तौलनिक वगैरे विषय. ढावलो म्हणजे नवरीनं रडत रडत गायचं गाणं. आई, बाप, भाऊ, तांडा, दावणीचा बैल, एकेकाचा निरोप घेत. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर बसंतीबाई राठोड नवऱ्या मुलींना ते शिकवायची. लग्न नसताना ढावलो म्हणायचा नाही, असा तिचा नेम. म्हणून तिच्याच पोरीच्या, जयाच्या, लग्नात गेलो. टेपरेकॉर्डर गनीभाईंच्या दुकानातून आणलेला. माइक धरायला उज्ज्वला. आमच्या लग्नाला तीन आठवडे झालेले. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे.

माय गात होती, लेक गात होती आणि मध्येमध्ये बांगड्या किणकिणत होत्या. मी दोनदा दटावलं. ते टेपवर आहे. तिने उत्तर दिलं नाही, म्हणून तिचं बोलणं टेपवर नाही.

तिचा आवाज कुठेच नाही. २००८ साली ती तापात गेली तेव्हा आमच्या घरातला फोन भिंतीला टांगलेला होता. लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, तिच्यावर अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत सिनेमाची गाणी चिकटवलेली! माझ्या बायकोची या जगात उरलेली ध्वनिमुद्रित ठेव म्हणजे त्या बांगड्या. २००९ मध्ये एकदा गनीभाईंच्या दुकानात कॅसेट लावली होती. वाजल्या होत्या. लखलखीत. नंतर टेप तुटेल म्हणून भीती वाटली, कॅसेट पेटीत ठेवली ती सोळा वर्षं.

दिपालीने मे महिन्यात ती पुण्याला नेली. आईची वस्तू म्हटल्यावर पोर हळवी होते. कुठल्याशा स्टुडिओला देऊन तिने ही डिस्क करवली, माझ्या वाढदिवसासाठी. साधी सीडी नव्हे – हाय-रेझोल्यूशन! चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ. सोबतचं पत्रक सांगतं की मानवी कानाला ऐकू येत नाहीत असेही नाद हिच्यात सुरक्षित आहेत. वेदान्ती लोक दिसतात.

अडचण एकच. ही डिस्क वाजवणारं यंत्र अख्ख्या पुसदमध्ये नाही.

१६ सप्टेंबर

डिस्क टेबलावर. आरशासारखी. तिच्यात माझं टक्कल उत्तम रेझोल्यूशनमध्ये दिसतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गनीभाईंकडे गेलो. अब्दुल गनी, वय चौऱ्याहत्तर, रेडिओ-टेपचे मिस्त्री. आता दुकानात मिक्सर आणि चार्जरच्या वायरी. मेलेले टेपरेकॉर्डर वरच्या फळीवर, पितरांसारखे ओळीने. मला ते शास्त्रीबुवा म्हणतात. कधी काळी त्यांच्या दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला होता, त्याची ही शिक्षा.

डिस्क त्यांनी उजेडाकडे धरली, तिच्यात स्वतःचे दात बघितले आणि परत दिली. म्हणाले, टेपात जे उतरलंच नाई ते डिस्कात कुठून येईन? कपभर चहा बालटीत ओतला म्हणून बालटीभर होते काय?

मी म्हटलं, गनीभाई, तुम्ही सांख्यमताचे. कार्य हे कारणात आधीपासून असतंच, नवीन काही उपजत नाही, असं ते मानतात.

"कोन्या पार्टीचे हायेत ते?" त्यांनी विचारलं. "निवडून येतात काय?"

मग त्यांनी जुनेदला फोन लावला. हा त्यांचा मुलगा, हैदराबादला ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला, वय बत्तीस. त्याचा पक्ष उलटा. त्याचं म्हणणं, टेपवर आवाज अखंड असतो, आणि डिजिटलमध्ये घेताना जेवढं बारीक मोजाल तेवढं त्यातलं जास्त हाती लागतं. साध्या सीडीने जे सांडलं असतं ते हिच्यात सापडेल. बापलेक अर्धा तास भांडले. मिक्सर घ्यायला आलेली बाई दोनदा येऊन गेली. शेवटी ठरलं की जुनेद दसऱ्याच्या सुटीत येईल तेव्हा त्याच्या संगणकावर ऐकायचं.

मी तटस्थ राहिलो. वार्ताहराने राहावं लागतं. पण वहीपुरतं लिहितो, मला जुनेद जिंकायला हवा आहे. बांगड्या तर आहेतच. पण इतकं बारीक मोजलंय म्हणतात, तर माइक तिच्या हातात होता, छातीशी. एखादा श्वास तरी आला असेल.

२३ सप्टेंबर

ढाणकीहून अमरसिंग नावाच्या वाचकांचं पत्र संपादकांनी जसंच्या तसं छापलं. 'आमच्याकडे रातकिड्यांनी उच्छाद मांडला आहे. वार्ताहर महोदयांना टंचाई असल्यास दोन पोती पाठवण्याची व्यवस्था करू.'

उत्तर लिहिलं. ढाणकी म्हणजे पुसद नव्हे, एका गावच्या धुराने दुसऱ्या गावचा अग्नी सिद्ध होत नाही, इत्यादी. पाठवलं मात्र नाही.

दिपालीचा फोन. बाबा, आधी टीव्ही हळू करा, मग बोलू. टीव्ही हळूच होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

जुनेद आला. ऐकलं.

कसं लिहू! बसंतीबाई घोंगडीखालून गात असावी तसा आवाज. शब्द कळतात, धार नाही. हारमोनियमवर ओलं फडकं टाकावं तसं. आणि मग मी. अठ्ठावीस वर्षांचा, शहाणा, ठणठणीत: "हात स्थिर धर ना. सगळं रेकॉर्ड होतंय." मी मात्र उच्च रेझोल्यूशनमध्ये आलो आहे! थोड्या वेळाने पुन्हा: "उज्ज्वला. बांगड्या." माझं तोंड एवढं स्पष्ट आणि ज्यांच्यासाठी ते उघडलं होतं त्या बांगड्या नाहीत. एकही नाही.

जुनेदने ते परत परत लावलं. म्हणाला, स्टुडिओवाल्यांनी खरखर काढताना बारीक आवाजही पुसले असतील, हिसाबात तो कचराच धरला जातो. डिस्कवर न पुसलेली दुसरी प्रत होती, ती लावली. तीही तशीच, शिवाय खरखर. पडद्यावर त्याने आवाजाचं चित्र काढून दाखवलं. खाली जाड आवाजांचा दाट रंग, वर बारीक आवाजांच्या जागी काळोख. वरचं कापूनच टाकलंय चाचा, म्हणाला.

मी म्हटलं, टेप म्हातारी झाली असेल. सोळा वर्षं पेटीत.

गनीभाई मागे मिक्सरला टाका मारत होते. तापलेली सळई ठेवून उठले. आले, संगणकाला कान लावला, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं.

"टेप म्हातारी नाई झाली," ते म्हणाले. "हा तं माहा हेड हाय."

मग सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या फडक्याकडे बघत होते. मला कळलं तसं लिहितो. टेपरेकॉर्डरमध्ये पट्टी ज्या छोट्या चौकोनी तुकड्याला घासत जाते ते हेड. ते काटकोनात उभं हवं. केसाएवढं कललं की जाड आवाज टिकतात, बारीक मरतात. त्याचा कल बदलायला शेजारी एक स्क्रू असतो. गनीभाईंनी १९८४ साली नागपूरहून एक भारी मशीन आणलं आणि तेच प्रमाण मानलं. दुकानात आलेलं, विकलेलं, भाड्याने दिलेलं प्रत्येक मशीन त्याच्या कलाशी कानाने जुळवलं. १९९९ मध्ये कुणीतरी कंपनीची तपासणीची कॅसेट दिली. लावून बघतात तो – त्या भारी मशीनचंच हेड वाकडं!

म्हणजे पंधरा वर्षं या गावातली सगळी मशीनं एकाच दिशेला, एकाच मापाने वाकडी. पुसदमध्ये भरलेली कॅसेट पुसदमध्ये सुरेख वाजायची. बाहेर नेली की घोंगडी.

मी विचारलं, सांगितलं का नाही कुणाला?

"कोणाले सांगू? आपसात तं सगळं बरोबरच वाजत होतं."

मी त्यांना म्हटलं, गनीभाई, याला चूक म्हणत नाहीत. याला संप्रदाय म्हणतात. हसले नाहीत. म्हणाले, शास्त्रीबुवा, तुमची कॅसेट मी लावून देतो. फळीवर त्यातलं एक मशीन अजून हाय. त्याले मी सरळ नाई केलं. मागं तुमची कॅसेट त्याच्यावरच वाजली होती.

कॅसेट दिपालीने डिस्कसोबतच परत पाठवली आहे. देवा.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून लोक सोनं देऊन गेले. मी वडीलधारा झालो आहे हे दरवर्षी दसऱ्याला कळतं. बाकीचं वर्ष विसरतो.

आपट्याची पानं तबकात गोळा करताना तिचे हात आठवले. ती दसऱ्याला बांगड्या भरायची. कासाराकडे बसली की हात इतका सैल सोडायची की कासार म्हणायचा, वैनी, असा हात असला तं धंदा बरा. एरवी त्या हातांना चैन नसे. बोलताना हात, ऐकताना हात, रागावली की बोलणं बंद आणि नुसते हात. स्वयंपाकघरात ती कुठे आहे हे मला लिहिण्याच्या टेबलावरून कळायचं. पीठ मळतेय, चाळतेय, खिडकीशी उभी आहे. खिडकीशी असली की आवाज थांबायचा. तेव्हा मी मान वर करायचो.

इतकी वर्षं झाली. अजून कधीकधी घर गप्प झालं की मी मान वर करतो. ती खिडकीशी असेल, म्हणून.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज झालं.

सकाळी दहा वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. गनीभाईंनी फळीवरचं मशीन पाच दिवसांत माणसात आणलं होतं: नवा पट्टा, हेड स्पिरिटने पुसलेलं. पण तेही इतक्या वर्षांत जरासं हललेलं. जुनेदने तार जोडली, पडदा उघडला. कॅसेट मीच घातली. घालताना खडखड झाली. बरं, आता कोण दटावणार.

बसंतीबाई घोंगडीखालून सुरू झाली. गनीभाईंनी चष्मा काढून ठेवला. मी विचारलं, चष्म्याशिवाय स्क्रू दिसेल का? म्हणाले, दिसला तं आयकू येत नाई. बारीक पेचकस लावला आणि अंगठ्याने फिरवला – एवढासा. मग आणखी एवढासा. मागे. परत पुढे. सगळा मिळून पाव फेरा असेल.

आणि ती बाहेर आली! घोंगडी फेकून माणूस अंगणात यावा तशी. तोंडातला श्वास, शब्दाच्या टोकाचा स, जयाचा हुंदका, दूर कुठे बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. जुनेदने नुसता हात वर केला, थांबा म्हणून. पडद्यावर वरच्या काळोखात बारीक उभ्या रेघा उमटत होत्या, गवताच्या पात्यांसारख्या. गनीभाईंचा पेचकस हवेतच राहिला.

"आली," ते म्हणाले. "बांगडी आली, शास्त्रीबुवा."

ऐकल्या. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या, तशाच, हिरव्या. अगदी स्पष्ट. मी मान डोलावली. डोळे पुसले. गनीभाईंनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पंधरा वर्षं वाकडं लावलं, एकदा तरी कामी आलं.

५ ऑक्टोबर

बापलेकांचा वाद निकाली. जुनेदने कालचं मुद्रण दोन प्रकारांत केलं – एक साध्या सीडीच्या मापाचं, एक त्या मोठ्या डिस्कच्या. दोघांनी पाठ करून बसायचं, दहा वेळा ऐकायचं, कोणतं ते ओळखायचं. बटण दाबायला मी. तुमीही आयका ना, गनीभाई म्हणाले. मी म्हटलं, पंचाने खेळायचं नसतं.

जुनेद पाच बरोबर, गनीभाई चार. दोनदा मी मुद्दाम तेच मुद्रण लागोपाठ लावलं, तरी दोघांना फरक ऐकू आला! तेव्हा निर्णय असा: १९९६ च्या कॅसेटवर जेवढं आहे तेवढं साध्या सीडीत सुखाने मावतं. मोठ्या डिस्कने त्यात काही वाढत नाही. फार तर खरखर अधिक निष्ठेने जपली जाते. जे काय आलं ते पाव फेऱ्याने आलं. सांख्य विजयी. गनीभाईंनी चहा मागवला.

जुनेद हरला, पण त्याने हार मानली नाही. म्हणाला, चाचा, ऐकायला छोटी पुरते, पण ठेवायला मोठीच ठेवा. कॅसेट आता किती वेळा चालेल काय भरवसा? "ठेवताना जेवढं मिळेल तेवढं ठेवायचं. पुढं काय लागेल, आज कसं सांगणार?"

श्वास मिळाला का, असं मला दोघांनीही विचारलं नाही. त्यांना ते सांगितलेलंच नव्हतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फुलसावंगीकडे जाऊन आलो. जुनेदच्या गाडीवर मागे बसून, कंबरेचा देहान्त होईपर्यंत. बसंतीबाई आहे! ऐंशीच्या पुढची, कानात जड वाळ्या, दात मोजके, नजर मंद. मी तेव्हा तिला याडी म्हणायचो, आई. आजही तेच तोंडून आलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून ओळखलं आणि म्हणाली, केस कुठी ठेवले रे?

जुनेदने छोटा स्पीकर खाटेवर ठेवला. मला वाटलं, लग्न नसताना ढावलो ऐकायचा नाही म्हणेल. म्हणाली, म्हनायचा नाई. आयकायले काय हरकत हाय, माहाच आवाज हाय. स्वतःच्या आवाजाशी तिचे ओठ हलत होते, पण आवाज काढला नाही. नेम नेम असतो. ओसरीवर नातसून भाजी निवडत होती, तीही थांबली.

माझं ते ठणठणीत वाक्य आलं. हात स्थिर धर ना. बसंतीयाडी स्पीकरकडे बघून हसली.

"तुही बायको रडून राह्यली होती ना रे," ती म्हणाली.

मला समजेना. मी म्हटलं, कोण?

"तेच. नवी नवरी. माइक धरे एका हातात, दुसऱ्यानं डोये पुसे. मंग बांगड्या वाजे." तिने स्वतःचं मनगट डोळ्यांशी नेऊन दाखवलं. एकदा, दोनदा. "तिची माय आठवली असन तिले. तीन हप्ते झाले होते म्हने घर सोडून. आन तू तिले चूप केलं."

गाणं चालू होतं.

"ढावलोत कोनी रडलं तं त्याले थांबवत नाई, पोरा," ती म्हणाली. "रडासाठीच असते ते."

रागावून नाही म्हणाली. भाकरी उलटताना सांगावं तसं. मग स्पीकरकडे कान देऊन बोट वर केलं – "हे पाय. पुसले डोये." थोड्या वेळाने पुन्हा बोट. "आताही." मी तिच्या बोटाकडे बघत होतो. सात वेळा वर झालं.

पाठवणीचे मंत्र मला तोंडपाठ होते. तौलनिक अभ्यास चालला होता. आणि माझ्यापासून दोन हातांवर, पाठवणी होऊन तीन आठवडे झालेली माझी बायको रडत होती, तिला मी म्हणालो, सगळं रेकॉर्ड होतंय.

परतताना एकदा रस्त्याकडेला थांबलो. जुनेद म्हणाला, चाचा, मागून हॉर्न देतोय तो, जरा आत सरका.

९ ऑक्टोबर

यवतमाळला गेलो होतो. कामासाठी.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुरुस्ती.

यंत्र वाजतं, इमरानची सही बाकी आहे. रातकिडे आहेत, ढाणकीच्या अमरसिंगांची जाहीर माफी मागायची आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख काढला. तो दोन हजार हर्ट्झपर्यंत सरळ चालतो आणि पुढे, बारीक आवाजांपाशी, विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. बरीच वर्षं झाली असतील म्हणाले. कानात मशीन लावा, पुष्कळसं परत येईल, अगदी वरचं कदाचित येणार नाही.

४ तारखेची नोंद खोटी आहे. बांगड्या मी ऐकल्या नाहीत. गनीभाईंच्या तोंडावर वाचल्या, पडद्यावर पाहिल्या, याडीच्या बोटावर मोजल्या.

कानांचं एवढं वाटत नाही. आज दुपारी डोळे मिटून मनातल्या मनात वाजवून बघितल्या. हात दिसला, डोळ्यांकडे जाताना. आवाज आला नाही. तिथेही कधीपासून येत नाही, ते मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते.